कम वं, टीना

माह्या नातनीसंग बोलाचं होतं, एवढंच. त्याच्यासाठी मी या वयात इंग्रजी शिकली, अन् गावाले वाटलं म्हातारी येडी झाली.

प्रफुल माहा एकुलता एक पोरगा. बंगलोरले कंपनीत आहे. पयले मले माय म्हने, लग्न झाल्यापासून आई म्हनते. म्हनो बापा. त्याची पोरगी टीना, पाच वर्साची. फोनवर तिचं तोंड दिसलं का मी इचारो, "काय करून राहिली वं माही बाई? जेवली का?" तं एक दिवस प्रफुलनं फोन आपल्याकडं वळवला अन् म्हने, "आई, तिच्याशी असं गावठी नको बोलू. शाळेच्या मॅडमनं सांगितलं, घरी फक्त इंग्लिश. ती कन्फ्यूज होते."

मी म्हटलं, बरं, हिंदी बोलतो. हिंदी मले येते, गोंदियाचा अर्धा बाजार हिंदीतच चालते. तं हिंदी बी नोको. मंग आजीनं बोलाव काय, कपाळ? आग लागो त्या शाळेले!

माहा नवरा दुधराम म्हने, "जाऊ दे ना वं, मोठी झाली का शिकंल." याले सारंच जाऊ दे वाटते. पोट्टी मोठी होऊस्तोवर मी राहतो का जातो, कोनाले माहीत? अन् तवरोक ते मले वळखंल तरी का?

शेजारची रिंकू अर्जुनीच्या कॉलेजात जाते. तिले म्हटलं, मले रोजच्या कामाचं इंग्रजी शिकव. मोठंमोठं नोको. लेकराले जेवू घालाचं, पानी पाजाचं, जवळ घ्याचं, तेवढंच. पोरगी गुनाची, हासली नाई. कम म्हंजे ये. सिट म्हंजे बस. इट म्हंजे खा. ग्रँडमदर म्हंजे आजी, म्हंजे मीच. टॉक म्हंजे बोलनं. कॅन म्हंजे जमते, कान्ट म्हंजे जमत नाई. "काकू, नाईच जमलं तं आय कान्ट टॉक इंग्लिश म्हनून मोकळी हो," असं बी तिनं शिकवून ठेवलं.

इटियाडोह धरनाच्या नहराचं पानी सुटलं अन् धानाची रोवनी लागली. दुसऱ्या बाया गाने म्हनत, मी धानाचे परे रोवता रोवता वाटर म्हंजे पानी, स्लीप म्हंजे झोप म्हनो. बाया असं हासल्या असं हासल्या! "धुरपता मॅडम, आमाले बी पास करा." पर चिखलात वाकल्या वाकल्या त्याच मंग इचारत, "भूक लागली म्हंजे काय वं?" न्याहारीची येळ झाली का बांधीतल्या साऱ्या बाया हंग्री हंग्री करत. बांधावर बसलेला दुधराम डोक्याले हात लावे.

दिवाळी झाली का आमच्याकडं गावोगावी मंडई भरते, म्हंजे जत्राच. ज्या गावची मंडई त्या गावात घरोघरी पावने. औंदा आमच्या मंडईले प्रफुल आला, संग सून रेणू अन् टीना. पोट्टी दारातच मायच्या मांग लपली. मी खाली बसली अन् म्हटलं, "टीना, कम वं. कम वं माय."

पोट्टीनं मले पाह्यलं. मायकडं पाह्यलं. अन् आली ना! माह्या मांडीवर येऊन बसली. मी म्हटलं, "हंग्री?" तिनं मान हालवली. उकडलेले शिंगाडे सोलून देल्ले, "इट वं," म्हटलं, तं खाल्ले. काय सांगू तुमाले, माहा जीव कसा सुपाएवढा झाला. चिखलातली सारी मेहनत तिथंच फिटली.

दोन दिवस पोट्टी माह्या पदराले धरून होती. तिसऱ्या दिवसी सकाळी गोठ्यापाशी उभी राहून वासराले बोलवून राहिली, "कम वं! कम वं, सिट वं!" मी हासून राहिली, दुधराम हासून राहिला. अन् रेणू बाहेर आली.

"आई, हे काय शिकवलं तुम्ही तिला? पुढच्या महिन्यात मोठ्या शाळेत तिचा इंटरव्ह्यू आहे. तिथं असं बोलली तर? प्लीज, तुम्ही इंग्लिश बोलूच नका. तिचे उच्चार बिघडतात."

"मंग बोलू काय मी? आपलं बोलली तं गावठी, त्यायचं बोलली तं बिघडते?"

मी प्रफुलकडं पाह्यलं. तो मोबाईलात पाहे. म्हने, "काही दिवसांचंच तर आहे, आई. नाही बोललं तर काय होते?"

मले असा संताप आला! ज्याले बोलाले मी शिकवलं, तो मले चूप राहा म्हनते. म्हटलं ठीक आहे, नाई बोलत. रागानंच तोंड बंद केलं. वाटलं, घंट्याभरात म्हनंल, माय, बोल ना वं. नाई म्हटलं बापा कोनी.

पोट्टी येऊन पदर ओढे, "आजी, कम वं!" मी हातानंच ये म्हनो. हात तोंडाशी नेला म्हंजे जेव. हातावर गाल ठेवला म्हंजे झोप. पोट्टी हुशार, पटकन शिकली. मंडईच्या दिवसी घर पावन्यायनं भरलं, तरी तिच्यासमोर मी तोंड उघडलं नाई. रेणू दुधरामले म्हने, "बघा बाबा, किती छान जमतं दोघींचं." दुधरामनं मान डोलावली. तोही जाऊ दे म्हनत असंल मनात.

गोंदियाले गाडीवर पोचवाले आमी दोघं बी गेलो. टीना खिडकीत बसली, मी खाली फलाटावर. तिच्या समोर तिच्याच वयाची एक पोरगी. तिनं माह्याकडं बोट दाखवून काहीतरी इचारलं. टीना चांगली मोठ्यानं म्हने, "माय ग्रँडमदर कान्ट टॉक."

अन् मायकडं पाहून अखीन काही म्हने. त्याच्यातलं ममा तेवढं मले समजलं, म्हंजे मायनंच तिले तसं सांगितलं असंल.

रेणू पानी काढाले पिशवीत वाकली. प्रफुल आयकून होता, त्यानं घड्याळ पाह्यलं. कोनी नाई म्हटलं नाई. रिंकूनं शिकवलेला एक बी शब्द वाया गेला नाई, सारे समजले मले. तोंडाशी आलं होतं, हाक मारू, कम वं टीना. पर मारली नाई. मारली असती तं पोट्टीची माय खोटी पडली असती, अन् पोट्टीचं मन कायले मोडू?

गाडी हालली. टीनानं खिडकीतून हात तोंडाशी नेला, मंग हातावर गाल ठेवला. जेव आजी, झोप आजी. मी बी तसंच केलं.

गाडी गेल्यावर दुधराम म्हने, "काय म्हने वं टीना, मघा माह्या ध्यानात नाई आलं? तुले तं इंग्रजी समजते."

"बाय म्हने," मी म्हटलं.