पाकिटावरचा फोटो

माझी धाकटी जाऊ ऋतुजा माळशिरसकडे शेतावर राहते, शेळ्या राखते, आणि आमच्या सासूबाईंच्या तोंडी उठता-बसता तिचंच नाव. ऋतुजाची भाकरी, ऋतुजाचा स्वभाव. मी मात्र लग्नाच्या अकराव्या वर्षीही 'ती नोकरीवाली'. जळते मी तिच्यावर. खोटं कशाला बोलू?

नोकरी जुळे सोलापुरातली. गिऱ्हाइकं दुकानाच्या मालाबद्दल स्वतःच व्हिडिओ काढून पाठवतात. ते तपासून आमच्या सर्व्हरवर ठेवायचे आणि दुकानाच्या वेबसाइटवर दाखवायचे, हे आमच्या कंपनीचं काम. शुक्रवार पेठेतल्या एका शेंगाचटणीवाल्यानं जाहीर केलं, की महिनाभरात ज्याचा व्हिडिओ सर्वांत जास्त लोक शेवटपर्यंत बघतील, त्याचा फोटो नव्या पाकिटावर. मीही त्यांची जुनी गिऱ्हाईक, त्यामुळे मालकांनी मलाही भाग घेऊ दिला. रोज जेवताना सासूबाईंना पाकिटावर माझं तोंड दिसावं, एवढंच मला हवं होतं.

नवी साडी नेसून, भाड्याचे दिवे लावून मी तीन दिवस खपले. आणि मग ऋतुजाचा व्हिडिओ आला. बांधावर बसलीय, कडक भाकरी मोडून दही-चटणीत बुडवतेय, मध्येच शेळी तोंड घालते आणि ही तिला ढकलत खो-खो हसते. चाळीस सेकंद. मेली दिसतेही गोड.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तपासायला तो माझ्याकडेच आला होता, पण नाकारायला कारण सापडेना. आमच्याकडे बघणाऱ्याच्या नेटचा वेग पाहून व्हिडिओचा दर्जा आपोआप कमी-जास्त होतो, पण तो हातानं कायमचा ठरवूनही टाकता येतो. माझा मी सगळ्यात वरच्या दर्जावर ठेवला, साडीचा काठ दिसलाच पाहिजे. तिचा सगळ्यात खालच्यावर. शेळी कुठली आणि ऋतुजा कुठली, कळू नये इतका धूसर.

महिना संपला आणि आमचे बिभीषण सर आकडे घेऊन आले. चटणीची निम्मी गिऱ्हाइकं खेड्यापाड्यातली, तिथं रेंजची बोंब. माझा व्हिडिओ उघडला की नुसतं चक्र फिरायचं आणि लोक वैतागून निघून जायचे. ऋतुजाचा हलका, म्हणून बोट लावताच सुरू. ती पहिली आली. माझ्या पायावर धोंडा मीच पाडून घेतला होता.

"तिचा दर्जा कमी कुणी केला?" सरांनी विचारलं.

"मी," म्हटलं. आता नोकरी जाणार.

"शाब्बास! गिऱ्हाइकाची रेंज ओळखलीत तुम्ही." आणि त्यांनी ही गोष्ट निकाल कळवताना ऋतुजालाही सांगितली.

संध्याकाळी तिचा फोन आला, रडतच. "अक्का, सर सांगत हुते. आमच्याकडं रेंज नसती म्हनून तुमीच माझा व्हिडिओ हलका करून ठिवला. सोताचा मागं ठिवून माझा पुढं केला. सख्खी भन बी करत न्हाय वो एवढं. थांबा, आत्या बोलत्यात."

सासूबाईंनी फोन घेतला. "थोरले, मी तुला वळखलंच न्हाय बघ. लई मोठ्या मनाची हायस. माझं चुकलं."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. "त्यात काय एवढं, आत्या," एवढंच बाहेर पडलं.

सासूबाई बोलतच राहिल्या. हेच ऐकायला मी अकरा वर्षं थांबले होते. पण त्या जिचं कौतुक करत होत्या, ती थोरली मी नव्हते. आता मला तिचाही हेवा वाटायला लागला.