पायरीवरचा मॉल

माही प्रेमलता कॅनडाहून सहा वर्षांनी माहेरी येणार, हे समजल्याबरोबर मी घरात बजावून ठेवलं, का पोरीले कोणी काही काम सांगाचं नाही. सांगणारं होतं तरी कोण म्हणा! मी अन् माहे मालक, एवढे दोघंच तर घरात. पण माहा स्वभावच तसा. आंधी हुकूम, मंग बाकीचं.

माहेरवाशिणीले हात हलवू द्याचा नाही, हे आमच्यात पहिलेपासूनच हाय. तिनं झाडू उचलला का मी हिसकून घेवो. चहा ठेवाले उठली का म्हणो, "बस वं तू, तिकडं मरमर करतच असशीन." मंग ती बसे. ओट्यावरच्या खाटेवर, हात मांडीत घेऊन, दिवसभर. मले वाटे, काय आराम करून राहिली माही लेक! शेजारच्या सिंधूताईले मी मुद्दाम दाखवलं बी, "पाहा, कशी राणीवाणी बसली हाय."

"वाळली दिसते पण," सिंधूताई म्हणाली.

"तिकडच्या थंडीनं," मी म्हटलं. माह्यापाशी सगळ्यायचं उत्तर तयार राहते.

पण खरं सांगू का, आतून मले धाकधूक होती. ही पोरगी पहिले एवढी तोंडाची, का शाळेतून येता येता दोन भांडणं करूनच घरी ये. आता "बरी हायेस ना वं?" विचारलं, तर "हो, बरी हाय," एवढंच. जावई मार्तंडराव इंजिनियर. सुपारीच्या खांडाचं बी व्यसन नाही. मंग हिले झालं काय? रविवारी तिचं विमान होतं. एकदा गेली का पुन्हा कवा येईन, कोण जाणे. जायच्या आंधी तिच्या पोटात काय हाय ते मले समजाले पाहिजे होतं, अन् ती काही बोलून नव्हती राहिली.

बुधवारी ती तिच्या बाबासोबत धरमपेठेत मामाकडं गेली. तिचे दोन्ही पोट्टे माह्याजवळ. विभा सहा वर्षांची, मुन्ना चारचा. मी ओट्यावर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, निवडत बसली होती, भाजीत टाकाले. पाहतो तं काय, दोघं बी खालच्या पायरीवर चुपचाप उभे.

"काहून उभे गा?"

"आजी, पायरी चालून नाही राहिली," मुन्ना म्हणाला.

मंग विभानं मले समजावलं, का तिकडं मॉल राहते. एकाच छपराखाली शंभर दुकानं. बाहेर बरफ पडला तरी अंदर गरम. अन् तिथल्या जिन्याच्या पायऱ्या आपल्या आपणच वर जातात, आपण फक्त उभं राहाचं.

"अरे बाप्पा! मंग पायायचं काय लोणचं घालता?"

पोट्टे हसले. मॉलमधी हे लोक रोज जात होते म्हणे. बाबा कामावर गेला का आई दोघायले कोट चढवे अन् बसमधी बसवे. घरात करमे नाही म्हणून.

"आजी, मॉल मॉल खेळू. तू आई बन," विभा म्हणाली.

मले काय, मी तयारच! पदर खोचला अन् खांबालेच दुकानदार समजून ओरडली, "ए, ते जांभळं लुगडं दाखव! केवढ्याले? लूट हाय का बे?"

विभा काही हसली नाही. "नाही आजी, तसं नाही. आई काही घेत नाही. आई बाकावर बसते."

"अन् तुम्ही?"

"आम्ही जिन्यानं वर जातो, खाली येतो, वर जातो. आई बाकावर बसते."

"कोणाशी बोलते मंग?"

"कोणाशीच नाही."

"मंग आई रडते," मुन्ना म्हणाला. विभानं त्याले कोपरानं ढोसलं. "सांगाचं नव्हतं ना!"

मी हळूच विचारलं, "काहून रडते गा?"

"मालूम नाही," विभा म्हणाली. "आम्ही तिकडं पाहत नाही. मंग ती थांबते. मंग आम्ही चिप्स खातो." तिनं मले खाटेवर बसवलं, माहे दोन्ही हात धरून माह्याच मांडीत ठेवले अन् म्हणाली, "अशी बस. आता आई झाली तू."

आठ दिवसांपासून मी ज्याले आराम म्हणत होती, तो हा होता. लेक माह्या डोयापुढं तशीच बसली होती अन् मी गल्लीभर मिरवत होती.

संध्याकाळी ती आली, तशी मी चप्पल बी काढू दिली नाही. "तिकडं रडाले काय झालं वं तुले?"

तिनं पहिले पोट्ट्यायकडं पाहिलं. मंग खाटेवर बसली.

"काही झालं नाही, आई. हे चांगले हायेत. कोणी त्रास देत नाही. कोणी काहीच म्हणत नाही. सहा वर्षं झाले, तिकडं मी पाहुणीच हाओ. वाटलं, घरी जाईन, आई ओरडन, चार कामं सांगन. तर तू बी मले पाहुणीच केलं वं."

मले रडू आलं. लपवलं नाही मी, मोकळी रडली. म्हटलं, "नसन जायचं तर नोको जाऊ. जावयाले काय सांगाचं ते मी पाहून घेईन."

"जाईन," ती म्हणाली. "त्यायले बी तिथं माह्याशिवाय कोण हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या नळाले पाणी आलं, तशी मी तिची चादर ओढली. "ऊठ वं! किती लोळशीन? घागर घे अन् नंबर लाव!"

ती माह्याकडं पाहतच राहिली. मंग उठली, केसायचा आंबाडा बांधला अन् घागर घेऊन गेली.

थोड्या वेळानं सिंधूताई तरातरा आली. "तुळजाबाई, लाज हाय का नाही? फॉरेनहून आलेली लेक, अन् नळावर धाडली?"

मी नळाकडं कान लावला. नळाकडून आवाज येऊन राहिला होता.

"ओ बाई, माही घागर आंधीची हाय! डोये हायेत का नाही?"

"तू कोण वं, मोठी आली ते?"

"मी कोण? तुळजाबाईची प्रेमा हाओ मी! याच गल्लीतली!"

"अवं माय, भांडण लागलं," म्हणत सिंधूताई सोडवाले धावली. मी तिचा हात पकडला.

"थांब वं, सिंधू. भांडू दे तिले."