खाराची पेज

माझ्या हातच्या पेजेला आमच्या गल्लीत नाव आहे. बाळंतीण कुणाच्याही घरची असो, बाजरीची पेज ढवळायला मलाच बोलावतात, कारण कन्वाचा खडा किती टाकायचा ते मला चव न बघता कळतं. कन्वा म्हणजे तळ्याकाठचा राखाडी खार. तो पोटात गेला की दूध उतरतं, हे मी माझ्या आईकडून शिकले आणि तिनं तिच्या आईकडून. म्हणून पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी बाजारातून टोपलीभर खार आणून ठेवला.

पोरगी म्हणजे माझी थोरली. तिचं नाव मी कधी घेतलेलं नव्हतं. आमच्यात पहिल्या लेकराचं नाव आईनं घ्यायचं नसतं, चारचौघांत त्याला जवळही घ्यायचं नसतं. लाज पाळावी लागते. वीस वर्षं मी तिला ‘अगं ए’ म्हणत आले आणि ती ओ देत आली.

मुलगा झाला, चांगला ठणठणीत. चाळीस दिवसांचं सगळं रीतसर सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ माझी नणंद डेलू कडुनिंबाचे डहाळे उकळत्या पाण्यात बुडवून पोरीच्या अंगावर मारायची. मग मातीच्या पलंगावर निजवायचं, पलंगाखाली विस्तव. वर वाडगाभर पेज. बाहेर उन्हाळा असा की कोंबड्या सावली सोडत नव्हत्या.

अठराव्या दिवशी तिला धाप लागली. न्हाणीपासून पलंगापर्यंत दहा पावलं, तेवढ्यात तिनं दोनदा भिंत धरली.

"थंडी शिरलीय अंगात," डेलू म्हणाली. "तुझा विस्तवच मेला कंजूष."

"माझा विस्तव कंजूष? पाणी कोमट झालं होतं काल, वन्सं. हात थकलेत तुमचे, ते बघा आधी."

भांडलो आणि दोघींनीही वाढवलं. तिनं पाणी आणखी उकळलं, मी लाकडं जास्त घातली. पेजेत खारही थोडा चढवला, थंडी उतरावी म्हणून.

मग पाय सुजले. शेजारणी म्हणाल्या, अंग भरलं पोरीचं, माहेर मानवलं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण धाप काही कमी होईना. आडवं झालं की ती खोकायची, धडपडून उठून बसायची. मालमनं, म्हणजे आमच्या मौलवीनं, लाकडी पाटीवर कुराणातली आयत लिहून, शाई धुऊन ते पाणी पाजलं. दवाखान्यातल्या माणसानं छाती न तपासताच खोकल्याची बाटली दिली. डेलूला समोरच्या घरातल्या वांझोट्या सुनेची नजर दिसली, तिनं मिरच्या जाळल्या, तर पोरगी खोकून खोकून अर्धमेली झाली. प्रत्येक उपायानंतर मी तिच्या बरगड्यांकडे बघत बसायची आणि त्या तशाच वरखाली होत असायच्या. काय झालंय तेच कळेना, आणि विचारायचं तरी कुणाला? माझ्या सहा बाळंतपणांत मी कधी एवढी घाबरले नव्हते.

"पेज नको वाटते का गं?" एकदा मी विचारलं.

"नाही, चांगली आहे," ती म्हणाली. पहिलटकरणीनं कुरकुर करायची नसते, हेही मीच तिला शिकवलं होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी तिच्या ओठांचा रंग राखेसारखा झाला. जावई गाडी घेऊन आला आणि आम्ही शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेलो.

डॉक्टरीणबाई आमच्यातलीच होती, तरुण. तिनं पोरीची पोटरी दाबली, तर बोटाचा खड्डा तसाच राहिला. छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं.

"फुप्फुसात पाणी साठलंय. हृदय दमलंय हिचं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, पेज चालू होती ना? खार किती घालत होतात?"

मी पोरीच्या सुजलेल्या पायांवर चादर ओढली.

"मीच मागायची," पोरगी म्हणाली. एकेका शब्दाला थांबत. "आई... नकोच म्हणायची. मला... आवडते."

श्वास पुरत नव्हता तिला, आणि तेवढ्यातही ती मला वाचवायला बघत होती. मला माझीच शरम वाटली.

"खोटं बोलतेय ती," मी म्हणाले. "वाडगा रिकामा होईपर्यंत मी समोर बसायची. दोन्ही वेळा."

बाई ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या आईनंही माझ्या बहिणीला पाजली होती," ती म्हणाली. "खारानं आणि त्या उष्णतेनं हृदयावर भार येतो. पण ते मुळात का दमतं, हे मलाही नक्की सांगता यायचं नाही. तीच पेज पिऊन दहाजणी ठणठणीत असतात."

"बरी होईल ना?"

"गोळ्या सुरू करते. काहीजणी होतात बऱ्या. सहा महिने तरी बघावं लागेल."

"आणि तुमची बहीण?"

बाई खाली बघून कागदावर गोळ्या लिहू लागली.

दुपारी पोरीला टेकायला उशी नव्हती आणि आडवं तर होता येत नव्हतं. मी खाटेवर चढले, तिच्या मागं बसले आणि तिला छातीशी टेकवून घेतलं. भरल्या वॉर्डात, सगळ्यांच्या देखत. जावई बाळाला घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत होता. पोरीचा एकेक श्वास मला माझ्या छातीवर कळत होता. येताना तो अडकायचा, आत कुठंतरी पाणी वाजल्यासारखं वाजायचं आणि मग सुटायचा. मला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नुसतं बसायचं.

असाच एक श्वास सुटला आणि पुढचा आला नाही. मी थांबले. अजून थोडी थांबले.

"तलातू," मी तिचं नाव घेतलं.

तिची पाठ हलली, श्वास आला. तिनं मान उचलून आधी दाराकडे पाहिलं, मग शेजारच्या खाटेकडे.

"आई," ती म्हणाली, "कुणाला हाक मारतेस?"