वाघमाळचा लाल ठिपका

सोजरबाईचा आवाज असा, की तिनं चाकणजवळच्या वाघमाळावर कोंबड्यांना हाक मारली की तिकडं देहूरोडच्या छावणीत शिपाई रांगेत उभे राहायचे. ज्याला खोटं वाटेल त्यानं शिपायांना विचारावं. अशा बाईच्या वीस गुंठ्यांपुढं तलाठ्यानं 'पड' लिहिलं आणि ती गप्प बसेल असं धरून चालला, इथंच त्याचं चुकलं.

रान पूर्वी पडच होतं, ते खरं. मुरूम फोडून, तळ्यातला गाळ डोक्यावर वाहून तिनं ते उठवलं होतं. पण तलाठी बबनराव पीकपाहणी चावडीच्या कट्ट्यावर बसूनच उरकायचे. गेल्या साली लिहिलं तेच यंदा उतरवायचे. आणि आता कारखान्यांना जागा हवी होती. पड असेल ती जमीन आधी घ्यायची, असं वरून ठरलं होतं.

"भाऊसाहेब, माझ्या रानातली मेथी तुमीच खाल्लीय की!"

"खाल्ली. झकास होती. पण कागद वर गेला, सोजरबाई. वर गेलेला कागद खाली येत नाही."

"मग मी बी वरनंच कुणाला तरी आणते."

बाई सहज बोलून गेली खरी, पण तिची जीभच अशी, की बोलली ते व्हायचंच. त्या हिवाळ्यात पुण्याच्या सांख्यिकी कचेरीतले उद्धवराव जीपमधून आले, ते थेट आभाळातून काढलेला फोटो घेऊन. उपग्रहानं टिपलेला, हैदराबादेत उतरवलेला. तलाठ्यांचे पिकांचे आकडे त्याच्याशी ताडून पाहायचे, हे त्यांचं काम. त्या फोटोत हिरवं पीक लालभडक दिसायचं. अख्खं गाव जीपभोवती जमलं. सोजरबाई कोपरं मारत पुढं झाली.

"माझं रान दावा."

उद्धवरावांनी भिंग लावलं. "इथं करडंच दिसतंय, बाई."

"पुसा जरा. धूळ असंल."

"धूळ नाही हो. याचा एक ठिपका एकराहून मोठा. तुमची मेथी आणि भोवतीचा खडक त्यात कालवून एक होतो. शिवाय ठिपका काही तुमचा बांध बघून पडत नाही. चार-पाच एकर सलग हिरवं असतं, तर लाल उठलं असतं."

"परत कवा बघणार त्यो?"

"दर अठरा दिवसांनी इथून जातो. मी पुढचा फोटो मागवणार उन्हाळ्यातला. त्यात दिसलं तर स्वतः येऊन रान तपासेन आणि नोंद बदलून घेईन. कारखान्यांसाठी घ्यायच्या जमिनींची यादी त्यानंतरच पक्की होईल."

उन्हाळ्यात! वाघमाळावर चैत्रात सरडासुद्धा सावलीसाठी चाकणला जाऊन बसायचा. गावानं मान हलवली. सोजरबाईनं मात्र पदर खोचला आणि पुतण्याचं, सोनबाचं दार गाठलं. तिच्या बांधाला लागून त्याचं पाच एकर रान ओस पडलं होतं.

"काकू, मी पिंपरीला कंपनीत. शिफ्ट, वर ओव्हरटाइम. शेती कवा करू? आन् जमीन गेली तर जाऊ दे की, कारखान्यात नोकरी मिळंल."

"तुला हाय की नोकरी. म्हशीला मिळणार हाय का? रान दे, लसूणघास लावते. घास तुझ्या म्हशीला, ठिपका मला."

"पाणी?"

"तुझ्या हिरीचं. इंजिन बी तुझंच."

"मग काकू, तुझं काय?"

"जीभ!"

त्या जिभेपुढं सोनबानं हात टेकले. बाईनं दगड वेचले, वाफे पाडले, बी फोकलं. फाल्गुनात विहीर तळाला गेली, तर तिनं शालनला, म्हणजे सोनबाच्या बायकोला, घेऊन आत उतरून गाळ उपसला. पाणी पुन्हा पाझरायला लागलं. सोनबा म्हणे, काकूनं विहिरीला दटावलं म्हणून.

चैत्रात त्याला अक्कल सुचली. फोटोत लालच दिसायला हवं, तर एवढी मरमर कशाला? शालनचं लाल लुगडं, शेजारणींची लुगडी, मांडवाचं कापड, सगळं त्यानं माळावर पसरलं.

"अरं मुडद्या," सोजरबाई ओरडली, "त्याला हिरवं लाल दिसतं! मग लाल काय दिसंल कुणाला ठावं? उचल ती!"

उचलेपर्यंत वावटळ आली. शालनचं लुगडं चाकणच्या किल्ल्यावर जाऊन फडकलं, आणि राज्य बदललं की काय म्हणून बाजारपेठ दुपारपर्यंत बंद राहिली. सोनबाला पुढं आठवडाभर घरात कुणी भाकरी विचारली नाही.

वळीव पडायच्या आधी जीप आली. फोटोत सगळा माळ करडा, आणि मधोमध मसुरीएवढा लाल पुंजका.

बबनराव हसले. "फोटो धुताना डाग पडला असेल, साहेब."

"चला तर, डागात पाय ठेवून बघू."

उद्धवराव पुढं, बबनराव कपाळ पुसत मागं, आणि त्यांच्यामागं गाव. माळावर गुडघाभर घास डुलत होता आणि मध्ये विळा घेऊन सोजरबाई उभी. घास इतका दाट, की बबनरावांची एक चप्पल त्यात गेली ती गेलीच. सोनबाची म्हैस पुढं कितीतरी दिवस करकर वाजत चालायची. उद्धवरावांनी चारी बाजूंनी रान पायाखाली घातलं, मेथीचे वाफेही पाहिले. मग बांधावरच नोंदवही उघडायला लावली, आणि 'पड' खोडून बबनरावांच्या हातानं 'बागायत' लिहून घेतलं. दोन्ही रानं यादीतून सुटली.

"आला का कागद खाली, भाऊसाहेब?" सोजरबाईनं विचारलं. बबनराव दुसरी चप्पल हातात घेऊन जीपकडं निघाले होते.

जीपचा धुरळा बसला तसा सोनबानं विळा परजला. बाईनं त्याचं मनगट धरलं.

"अर्धाच काप."

"आता का? झालं की तुझं काम!"

"त्यो अठरा दिवसांनी परत येणार हाय. पाव्हणा जेवून गेला म्हणून कुणी चूल पाडतं का रं? चल, इंजिन लाव."