चार फूट पाणी

माझी ताई आमच्या गावच्या मातीच्या धरणाची राखणदार. धरण म्हणजे फार काही थोर नाही. तीन माणसांच्या उंचीचा लांबलचक बांध. पण पावसाळ्याचं पाणी तो अडवून धरतो म्हणून गावाचे कोरडे महिने निघतात. ताई रोज सकाळी बांधाच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी काचेच्या बरणीत घेते आणि उजेडात धरून बघते. मातीचं धरण थोडं झिरपणारच. पाणी नितळ असलं की चिंता नाही; गढूळ आलं तर समजायचं, बांध आतून पोखरला जातोय. हे तिने इतक्या वेळा ऐकवलंय की माझे कान किटलेत.

एका सोमवारी पाणी गढूळ आलं. ताईने कुणाला विचारलं नाही. सरळ दरवाज्याचं चाक फिरवलं आणि चार फूट पाणी खाली सोडून दिलं. मग तीन दिवस बांधावर फिरली, पण कुठे भेग नाही की बीळ नाही. गाव खवळलं. सगळ्यात जास्त तोंडसुख मी घेतलं. बांधाला लागूनच्या रानात माझ्या काकड्या ऐन भरात होत्या, आणि बाईसाहेब चिमूटभर मातीपायी तळं रिकामं करून बसल्या होत्या.

गुरुवारी पाणी समितीची बैठक झाली. ताईला कामावरून काढायचं, हे चहा यायच्या आधीच ठरलं होतं. पत्र्याच्या खोलीत सगळे बाकांवर दाटीवाटीने बसले होते. अध्यक्ष आमचा शिंपी. तो गळ्यात टेप तसाच ठेवून आला होता. गढूळ पाणी थांबलं कधी, असं त्याने विचारलं. तळं अडीच फूट उतरल्याबरोबर थांबलं, असं ताईने सांगितलं.

भरल्या तळ्यात अडीच फुटांखाली काय आहे, हे गावात एकट्या मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तळं आटलं असताना मी बांधातून आरपार पाइप घातला होता. पाण्याची पाळी नसेल त्या दिवशीही काकड्यांना घोटभर मिळावं, एवढाच हेतू. वर माती ओढली, तोंडाशी दगड रचले आणि स्वतःच्याच हुशारीवर जाम खूश झालो. आता तीन दिवस ताई बांधभर ज्याला शोधत होती, तो बांध पोखरणारा उंदीर चहा पीत बाकावर बसला होता.

गप्प बसलो असतो तर माझ्यावर काही आलं नसतं. ताई कामावरून गेली असती, तळं पुन्हा भरलं असतं, आणि बांधाखाली पहिलं घर तिचंच आहे.

"पाइप माझा आहे," मी उभा राहून म्हणालो.

कुठला पाइप, हे समजावून सांगेपर्यंत अर्धी समिती फावडी घेऊन निघाली होती. दगड काढल्यावर पाइपच्या कडेने माझा हात थेट खांद्यापर्यंत आत गेला. तेव्हा मात्र मी खरोखर घाबरलो.

शिंप्याने ताईची सर्वांदेखत माफी मागितली. मला शिक्षा अशी की बांध तिथे उघडायचा, चिकणमाती थराथराने भरायची आणि प्रत्येक थर चोपून चोपून घट्ट करायचा. दुसऱ्या दिवसापासून येणारा-जाणारा 'काय पाइपराव, कमरेचं कसं काय' विचारू लागला. माझं नाव बहुतेक आता हेच राहणार.

ताई मात्र दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आली आणि बांधावर बसली. मी म्हटलं, शिव्या घाल, पण बोल. तिने मी चोपलेली माती टाचेने दाबून बघितली.

"रोज अख्खा बांध पायी बघते मी," ती म्हणाली. "दगड न् दगड. फक्त तुझ्या रानावरचा तेवढा तुकडा बघत नव्हते. म्हटलं, तिथे माझा भाऊ आहे."