नऊ शाळांनी लावलेलं रोप

मी एक जुना शेताचा तुकडा आहे. सहा गुंठ्यांचा. आमच्याकडे मला खाचर म्हणतात, म्हणजे चारी बाजूंनी बांध घालून पाणी अडवलेलं भाताचं शेत. जिते स्टेशनात उतरून डोंगराच्या अंगाला चालत आलात, की पत्र्याची लांब शेड दिसेल, निळी पाण्याची टाकी दिसेल आणि 'हैबतराव कृषी शिबिर केंद्र' अशी पाटी दिसेल. पाटीच्या मागे लगेच मी आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आधी स्वतःची थोरवी सांगतात. मीही सांगणार आहे, पण पटकन उरकतो. मला जे सांगायचंय ते थोरवीचं नाही, लाजेचं आहे.

कसणाऱ्या कुळांच्या नावावर जमिनी झाल्या त्या दिवसांत हैबतरावांच्या वाट्याला एक उतरण आली. दगड, करवंदाच्या जाळ्या आणि मुरूम. लोक म्हणाले, इथे नाचणीसुद्धा धड होणार नाही. हैबतराव पहार चालवायचे आणि त्यांची बायको गिरजाबाई डोक्यावरून दगड वाहून बांधावर रचायची. तीन उन्हाळे हेच चाललं. चौथ्या पावसात माझ्यात पहिल्यांदा पाणी थांबलं, तेव्हा दोघं बांधावर बसून नुसती त्या पाण्याकडे बघत होती. मला माझा जन्म म्हणून तोच दिवस आठवतो.

पुढची पन्नास वर्षं मी काम केलं. पावसाळ्यात भात आणि भात निघाला की अंगातल्या उरल्या ओलीवर वाल. या घरातल्या चार बाळंतपणांची पेज माझ्या तांदळाची होती. कोणी पाहुणा आला की हैबतराव त्याला आधी माझ्या बांधावर आणायचे आणि मग चहाला न्यायचे. आणखी काय पाहिजे एका जमिनीला?

हैबतरावांचा मुलगा महिपती. तो आधी डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे शिफ्ट करायचा. ते काम सुटल्यावर त्याने शिबिरं सुरू केली. कल्पना चांगली होती, हे मी मोकळेपणाने सांगतो. शहरातल्या मुलांनी दोन दिवस यायचं, चिखलात उतरायचं, भात लावायचा, चुलीवरचं जेवायचं. पहिल्या वर्षी दोन शाळा आल्या आणि त्यांनी मला अर्धं-अर्धं वाटून घेतलं. मुलांनी वेडीवाकडी लावणी केली, महिपतीची बायको शकू हिने मागून जरा सारखी केली, आणि रोप वाढलं. कापणीनंतर शकूने त्या दोन्ही शाळांना तांदळाच्या लहान पिशव्या पाठवल्या. मला वाटलं, माझं म्हातारपण सुखाचं जाणार.

तिसऱ्या वर्षी एका पावसाळ्यात नऊ शाळा आल्या.

महिपतीकडे दुसरी शेतं नव्हती असं नाही. ओढ्यालगत मोठं शेत होतं, पण तिथे दहा मिनिटं चालावं लागतं. शाळेच्या सर-बाईंना मुलं नजरेसमोर हवीत, संडास जवळ हवा, चप्पल काढून लगेच चिखल हवा. म्हणजे मीच हवा. आता एका खाचरात भात एकदाच लावता येतो, हे शेतकऱ्याच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. महिपतीलाही कळत होतं. त्याने वाट काढली. एका शाळेची बस फाटकाबाहेर गेली, की त्या मुलांनी लावलेली रोपं उपटायची, जुड्या बांधून पाण्यात ठेवायच्या आणि पुढच्या शाळेच्या हातात द्यायच्या.

उपटायला बायजा यायची. बायजा म्हणजे आमच्या पट्ट्यातली लावणीची पहिली बाई. तिची ओळ दोरी न लावता सरळ जायची. पहिल्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"दादा, कालचीच रोपं ना ही? अजून मुळं पन नाय धरली यांनी."

"मुळं धरायच्या आत उपटायची गो. सोपी जातात."

"हा बरा धंदा! आज लगीन लावायचं न् उद्या नवरी म्हायेरी!"

शकू शेडच्या दारात भांडी घासत होती, ती मोठ्याने हसली. महिपतीही हसला. म्हणाला, "पोरांना मजा पायजे, भात कुठं पायजे? भात त्यांच्याकडं दुकानात हाय."

चौथ्या शाळेनंतर कोणी हसलं नाही. बायजा मान खाली घालून उपटायची आणि जुड्या टाकायची. रोप माझ्यात पाय रोवायला लागलं, की मला ते कळतं. बारीक गुदगुल्या होतात. त्या पावसाळ्यात नऊ वेळा गुदगुल्या झाल्या आणि नऊ वेळा कोणीतरी ओढून नेलं. शेवटी रोपं पिवळी पडली, वाकडी झाली, आणि दहीहंडीच्या सुमारास ती उकिरड्यावर गेली. मुलांच्या नाचण्याने माझे बांध दोन ठिकाणी खचले. मी तसाच पडून राहिलो. गिरजाबाईंनी रचलेले दगड उघडे पडले होते, तेही कोणी परत लावले नाहीत.

खरी गोष्ट पुढे आहे.

महिपतीने जाहिरातीच्या कागदावर छापलं होतं, 'लावणी ते कापणी : आपण लावलेला भात आपणच कापा.' आठ शाळांनी ते वाचून सोडून दिलं. नवव्या शाळेच्या दिनानाथ सरांनी सोडलं नाही. नोव्हेंबरात त्यांचा फोन आला. अडतीस मुलं घेऊन येतो, मुलं आपला भात बघायला उतावीळ आहेत.

महिपती माझ्या बांधावर येऊन बसला. माझ्यावर तेव्हा गवत होतं आणि टाचेएवढ्या भेगा.

शकू त्याच्या मागे आली. "सरांना खरं सांगून टाका. ओढ्यालगतचा भात उभा हाय, तिकडं न्या पोरांना."

"आमचा भात कुठंय इचारलं तर?"

"मेला म्हनावं. भात मरत नाय काय?"

"मेला म्हटलं तर पुढल्या सालाला कोन येल?"

"आनि खोटं सांगितलं तर कोनाला तोंड दाखवाल?"

मुलं यायच्या दिवशी सकाळी महिपतीने फावडं उचललं. ओढ्यालगतच्या शेतातला थोडा पिकलेला भात त्याने मातीच्या ढेकळासकट खणून काढला. घमेल्यात घालून बायजाने तो माझ्यापर्यंत वाहिला. माझ्यावर पाणी मारून दोघांनी खड्डे केले आणि लोंब्या आलेला, पिवळाधमक भात माझ्यात बांधालगत ओळीने उभा केला. मित्रांनो, पिकलेला भात लावताना तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय. माझ्याच अंगावर. म्हाताऱ्याला बाशिंग बांधून मिरवतात तसं मला वाटत होतं.

दुपारी मुलं आली. "आमचा भात! आमचा भात!" करत बांधावर धावली. कोणी म्हणालं, ही माझी ओळ. कोणी म्हणालं, नाही, ती माझी. त्यांचा आनंद खरा होता, म्हणून तर मला तोंड लपवावंसं वाटलं.

त्यांच्यात सातवीतली एक मुलगी होती, सरू. तिचं आजोळ रोह्याकडचं. तिने विळा कसा धरला ते पाहूनच बायजा सावध झाली. सरू वाकली, डाव्या मुठीत भात घट्ट धरला, तळाशी विळा लावला आणि ओढला. भात कापला गेला नाही. ढेकळासकट सगळा वर आला. तिने शेजारचा ओढला. तोही आला.

"सर, हा भात इथला नाय," ती म्हणाली. "हा आत्ता लावलाय कोणीतरी."

मुलं खो खो हसली. "कापायला कोण भात लावतं? वेडी!"

"मग मुळं कशी सुटली? मामाकडं दोन्ही हातांनी ओढला तरी भात निघत नाय."

दिनानाथ सर पुढे आले. त्यांनी त्या ढेकळाकडे पाहिलं, मग महिपतीकडे. महिपती बांधाकडे बघत होता. सरांना कळलं. मी त्यांच्या पायांखालीच होतो, त्यांच्या पायांचा भार बदललेला मला समजला. पण मागे अडतीस मुलं होती, फोटो काढायचे होते, घरी पालकांना दाखवायचे होते.

"सरू," सर म्हणाले, "काका उन्हातान्हात राबतात आपल्यासाठी, आणि तू त्यांना खोटं ठरवतेस? माफी माग."

"पण सर, मामाकडं..."

"माफी माग."

शकू शेडच्या दारात आली होती, ती तिथेच थांबली. बायजाने पदर तोंडाला लावला.

सरू म्हणाली, "सॉरी काका."

आणि महिपती, हैबतरावांचा मुलगा, तिला म्हणाला, "असू दे बाळा. आमची जमीन भुसभुशीत हाय, म्हनून निघतं."

भुसभुशीत! मी कौलासारखा टणक झालो होतो. सरूने एकदा हातातल्या भाताकडे पाहिलं. मग खाली बसून तो परत त्याच खड्ड्यात ठेवला आणि उठून टाचेने भोवतीची माती दाबली, हळूच, लागू नये म्हणून. तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. मित्रांनो, माझ्यात साप मेलेत, बैल मेलेत. पण त्या टाचेएवढं ओझं मला कधी झालं नाही.

बस गेल्यावर बायजाने घमेलं पालथं घातलं. "दादा, लावायला बोलवा, मी येन. उपटायला आता नाय."

शकू महिपतीशी आठ दिवस बोलली नाही. नंतर घर पुन्हा चालू झालं, घरं चालू होतातच. आता पाऊस जवळ आलाय. जाहिरातीचे नवे कागद छापून आलेत, त्यावर विळा घेतलेल्या मुलांचा फोटो आहे. त्या फोटोत सरू नाही.

म्हणून मी बोलतोय. मला रंगवू नका, मला फोटो नकोत. माझे बांध नीट करा आणि मला एका पावसात एकदाच लावा, एवढंच मागणं महिपतीकडे. आणि तुमच्याकडे, मित्रांनो, दुसरं. कुठल्या शेतावर गेलात तर रोप जरा ओढून बघा. सहज हातात आलं, तर मोठ्याने सांगा. हसणारे हसतील. कोणी माफी मागायला लावलं, तर मागू नका.

सरू, तुझं बरोबर होतं. ती माफी माझ्या घराने मागायची होती. आम्ही ती तुझ्याकडून वदवून घेतली.