पुरिताने शिवलेला शेवट

मी एक चित्रकथा बोलतेय. छापखान्यातून अख्खी बाहेर पडलेली नव्हे हं. तशा ढिगाने असतात. दर आठवड्याच्या अंकातली दोन-दोन पानं सुटी करून, जाड दोऱ्याने मला शिवलंय. चित्रकार एपिफानियो सालुदोंची ‘ल्युमेन’, म्हणजे कोळ्याच्या पोरीची गोष्ट, सलग वाचायची तर माझ्याशिवाय गत्यंतर नाही. गर्व म्हणा हवं तर.

मला शिवलं फिलिपिन्समधल्या मालाबोनच्या पुरिताने. तिच्या दुकानात मिठा-साबणाच्या वर दोरीला चित्रकथा टांगलेल्या असत. भाड्याने घ्यायच्या, तिथेच बाकावर बसून वाचायच्या. मासळी निवडून आलेल्या बायका मला तशाच हातांनी उघडत. स्वतःचं दुःख गिळणारी माणसं ल्युमेनसाठी मात्र खुशाल हुंदके देतात, हे मी तिथे पाहिलं.

आता खरं सांगते. सालुदोंनी शेवटी ल्युमेनला समुद्रात बुडवलं होतं. ती पानं आली त्या आठवड्यात वादळ सुटलेलं आणि बाकावरच्या बायकांचे नवरे समुद्रावर. पुरिताने ती पानं सरळ चुलीत घातली. ल्युमेन हसत होडीतून परत येते ते सुरुवातीचं पान उसवलं आणि शेवटी शिवून टाकलं. कुणाला पत्ता लागला नाही, तिच्या लेकीलासुद्धा.

पुरिता गेली, पुरात दुकानही गेलं. लेकीकडे, हर्मिनियाकडे, आईची म्हणून मी एकटीच उरले. यंदा मनिलाच्या चित्रकथा मेळाव्यात सालुदो येणार कळलं, तशी ती मला छातीशी धरून निघाली. तिला माझ्यावर त्यांची सही हवी होती. म्हाताऱ्याने सगळ्यांदेखत मला बनावट ठरवलं, तर हर्मिनियाला काय वाटेल?

रांगेत चित्रकथेतल्या पात्रांसारखे पुठ्ठ्याचे पंख लावलेली पोरं ढकलाढकली करत होती. नंबर आला. वडीलधाऱ्यांना नमस्कार करतात तसा हर्मिनियाने सालुदोंचा हात आपल्या कपाळाला लावला आणि मला पुढे केलं. प्रकाशकाने मूळ चित्रं त्यांना कधी परत दिलीच नव्हती. इतक्या वर्षांनी आपलीच गोष्ट हाती आल्यावर ते सही विसरून वाचतच बसले. मागे कुरकुर सुरू झाली. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

“हे पान इथलं नाही.”

“असं कसं, काका? आईनेच शिवलीय ही. हाच तर शेवट. आई म्हणायची, सालुदो पोरीला समुद्रात सोडून जाणारच नाहीत.”

त्यांनी त्या पानाचे टाके बोटाने चाचपून पाहिले. संपलं आपलं, म्हटलं मी. मग ते हसले, पण डोळे भरले होते.

“सोडून आलो होतो गं. संपादक म्हणाले, रडवा लोकांना. रडवलं. त्यानंतर मलाच कधी चैन पडलं नाही. तुझ्या आईचं नाव काय?”

तिने सांगितलं. त्यांनी त्याच पानावर लिहिलं : ‘चित्रं – एपिफानियो सालुदो. शेवट – पुरिता बिनुया.’

हर्मिनियाला सगळा उलगडा झाला आणि ती तिथेच ढसाढसा रडली. आपली आई काय होती, हे तिला त्या दिवशी कळलं.

आता ती मला काचेच्या पेटीत ठेवायचं म्हणतेय. बाई गं, नको. मी अजून धडधाकट आहे. कुणाचं माणूस घरी यायचं असेल, वाट पाहून जीव टांगणीला लागला असेल, तर मला त्याच्या हाती दे.